मानखुर्द : गाळा पाहताना

१

‘राहायला घेताय की रिडेव्हलपमेंटसाठी?’ एजंटचा पहिला प्रश्न. किंमत तो उत्तर ऐकल्यावर सांगतो.

२

जमीन म्हाडाची. इमारत सोसायटीची. गाळा सभासदाचा.

म्हाडाच्या वसाहतीत अभिहस्तांतरण झालं की इमारत विक्रीखताने सोसायटीकडे येते, खालची जमीन मात्र भाडेपट्ट्याने. जमिनीची मालक म्हाडाच राहते. गाळा घेणाऱ्याची सही या दोन्ही दस्तांवर कुठेच नसते, आणि त्याच्या पुढच्या तीस वर्षांचा निकाल त्याच दोन दस्तांवर लागतो. त्याच्या हातात येतं ते शेअर सर्टिफिकेट. आम्ही पाहिलं त्यावर पन्नास रुपयांचे पाच शेअर होते.

३

धाकट्या बहिणीसाठी घर शोधतेय. तिची नोकरी वाशीला, नवऱ्याची कुर्ल्याला. हार्बरवर मानखुर्द दोघांच्या मध्ये येतं. बजेटही इथेच येऊन थांबतं.

४

१९८५ साली काँग्रेसच्या शताब्दी अधिवेशनासाठी राजीव गांधी मुंबईत आले, तेव्हा त्यांनी शहराच्या घरांसाठी १०० कोटी रुपये जाहीर केले. पंतप्रधान अनुदान प्रकल्प. त्यातला मोठा वाटा धारावीला आणि मोडकळीला आलेल्या जुन्या इमारतींना गेला. मानखुर्दच्या पीएमजीपी वसाहतीच्या नावात तेच अनुदान आहे. रिक्षावाल्याला ‘पीएमजीपी’ एवढंच सांगायचं.

५

दुसरा मजला. हॉल, आत स्वयंपाकघर, गॅलरी आत घेऊन तिथे मुलाचा अभ्यासाचा टेबल. छत पांढरंशुभ्र. ‘दिवाळीला रंग काढला,’ घरमालकीण काकू म्हणाल्या. बाथरूमच्या छताला मात्र एकाच चौकोनात नवा रंग होता, बाकी जुनाच.

बहिणीने पर्समधून नाणं काढलं आणि स्टुलावर चढून बीमवर ठोकत गेली. टक, टक, टक. कोपऱ्याजवळ आवाज बद्द झाला. तिथे प्लॅस्टर आतून सुटलेलं. गॅलरीच्या टोकाला छज्ज्याखाली प्लॅस्टर पडलेलंच होतं, आतली सळई उघडी. बोटाने घासली तर पापुद्रा निघून हातात आला, तपकिरी, बिस्किटाच्या भुग्यासारखा.

सळई गंजते तेव्हा ती नुसती झिजत नाही, आधी फुगते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो भोवतालचं काँक्रीट आतून फोडतो. भेगेतून पाणी शिरतं, गंज वाढतो, भेग रुंदावते. इथे खाडी जवळ, हवेत क्षार. सिमेंटचा लेप देऊन वरून रंग मारला की ही भेग दिसेनाशी होते, थांबत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती आधी बंद करावी लागते. ती बंद करायला वरच्याने दार उघडावं लागतं.

६

वरच्यांनी दार उघडलं नाही. दोन वर्षांपासून बोलणं बंद आहे, काकू म्हणाल्या.

७

मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३५३-ब : इमारत ३० वर्षांची झाली की संरचनात्मक तपासणी सक्तीची. आदर्श उपविधी म्हणतात, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी, त्यापुढे दर तीन वर्षांनी. अहवालात इमारतीला वर्ग मिळतो. सी-१ म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-२ अ आणि सी-२ ब म्हणजे कमी-जास्त मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ.

ज्या सोसायटीत रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतात, तिथे दुरुस्तीवर कोणी पैसा घालत नाही. ‘पाडायचीच आहे ना?’ बोलणी दहा-दहा वर्षं चालतात. त्या वर्षांतले पावसाळे मात्र खरे असतात, आणि ज्यांच्या डोक्यावर ते पडतात ती माणसंही.

मला हे सर्वांत जास्त बोचतं. छज्ज्याखालून मुलं शाळेत जातात.

८

आकडेमोड, एजंटच्या वहीतली नव्हे, माझी.

विकास नियमावली २०३४, कलम ३३(५), म्हाडा वसाहतींचा पुनर्विकास. जुन्या गाळ्याचं कार्पेट अधिक ३५ टक्के, पण किमान ३५ चौरस मीटर. ३५ चौरस मीटर म्हणजे ३७६ चौरस फूट.

१८० चौरस फुटांच्या गाळ्याला ३५ टक्क्यांनी २४३ होतात. किमान नियमाने ३७६.
२७० च्या गाळ्याला ३६४ होतात. किमान नियमाने तेही ३७६.
२७९ पर्यंत सगळ्यांचा मूळ हक्क सारखाच.

मोठ्या भूखंडाला त्यावर आणखी क्षेत्र मिळतं, बिल्डरशी घासाघीस करून वेगळं. पण छोट्या गाळ्याचा चौरस फुटाचा भाव मोठ्या गाळ्यापेक्षा जास्त का, याचं उत्तर या तीन ओळींत आहे. भाव आजच्या १८० चा लागत नाही, न बांधलेल्या ३७६ चा लागतो. सर्वसाधारण सभेत मोठ्या गाळ्याचा माणूस गप्प का बसत नाही, तेही यातूनच कळतं.

९

काकू का विकताहेत? मुलगा उलव्याला राहायला गेला. गुडघे गेले, दोन जिने चढवत नाहीत. ‘सगळे सांगतात थांबा, लिफ्टची बिल्डिंग होणार. लिफ्ट येईपर्यंत मी असायला हवी ना.’

१०

खिडकी.

लल्लूभाई कंपाउंड इथून लांब नाही. रेल्वे प्रकल्पाने, एमयूटीपीने, रुळांलगतच्या झोपड्यांतून उठवलेल्या कुटुंबांना तिथे घरं मिळाली. पक्की घरं, २२५ चौरस फूट, स्वतःचा संडास, नळ. रुळाशेजारी काढलेल्या आयुष्यापुढे हे फार मोठं होतं, हे विसरून त्या इमारतींवर लिहू नये.

पण इमारतींमधलं अंतर काही जागी जेमतेम तीन मीटर. डॉक्टर्स फॉर यू आणि आयआयटी मुंबई यांनी या भागातल्या तीन वसाहतींचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला : गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड आणि पीएमजीपी वसाहत. पहिल्या दोन ठिकाणी क्षयरोगाचं प्रमाण पीएमजीपीपेक्षा कितीतरी जास्त निघालं. खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही. तिन्ही वसाहती गरिबांच्याच. फरक इमारतींच्या मधल्या जागेचा.

ही मधली जागा कोणाच्या सात-बारावर नसते, शेअर सर्टिफिकेटवर नसते, जाहिरातीत नसते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत हेक्टरी किमान ५०० घरं बसवायचा नियम होता, २०३४ च्या नियमावलीत तो ६५० झाला. कमाल किती, हा प्रश्न वसाहतीतल्या माणसाने विचारायचा.

काकूंच्या गॅलरीत दुपारी दिवा न लावता साठेखतातली बारीक अक्षरं वाचता आली. त्याच दुपारी लल्लूभाईत पहिल्या मजल्यावरच्या घरी ट्यूब चालू होती, आणि ती बाई सांगत होती की उठल्यापासून झोपेपर्यंत ती चालूच असते.

जुनी इमारत पाडून तिथे टॉवर उभे राहतील तेव्हा ३७६ फूट मिळतील. नकाशात मी आधी दोन इमारतींमधलं अंतर बघेन.

११

‘व्ह्यू आहे,’ एजंट. समोर बांधकामाचा मोकळा भूखंड.

१२

हार्बरची गाडी १९९२ च्या मे महिन्यात खाडी ओलांडून वाशीला गेली. तोपर्यंत मानखुर्द शेवटचं स्टेशन. आता पूल ओलांडला की जमीनमालक बदलतो. अलीकडे म्हाडा, पलीकडे सिडको. सिडकोचा मूळ भाडेपट्टा ६० वर्षांचा, आणि वाशी वसली सत्तरच्या दशकात. रोज सकाळी खाडीपुलावरून दोन्ही दिशांना माणसं जातात. बहुतेकांना आपल्या घराखालच्या जमिनीची मुदत किती उरली आहे ते सांगता येणार नाही. दोष त्यांचा नाही. विकताना हे कोणी सांगतच नाही.

१३

सिंगापूरमध्ये सरकारी घरं ९९ वर्षांच्या पट्ट्याने. बहुसंख्य लोक त्यांतच राहतात. जुनी घरं मुदत संपण्याआधी सरकार परत घेईल, बदल्यात नवं देईल, या भरवशावर लोक जुन्या घरांना चढे भाव देत होते. मार्च २०१७ मध्ये तेव्हाचे राष्ट्रीय विकास मंत्री लॉरेन्स वाँग यांनी लिहिलं की १९९५ पासून ती योजना जेमतेम ४ टक्के घरांच्या वाट्याला आली आहे, बाकीची मुदत संपली की परत जातील.

तिथल्याच गेलांग भागातल्या १९१ घरांचा पट्टा ६० वर्षांचा होता. ३१ डिसेंबर २०२० ला संपला. घरं गेली, मोबदला नाही. कागदावर लिहिलं होतं तसंच झालं.

१४

इंग्लंडमध्ये पट्ट्याची ८० पेक्षा कमी वर्षं उरली की मुदत वाढवणं एकदम महाग पडतं, म्हणून तिथे घर बघायला गेलेला माणूस आधी ‘किती वर्षं उरली?’ हेच विचारतो. आपल्याकडे ‘पाणी किती वाजता येतं?’ हा पहिला प्रश्न. तोही बरोबरच आहे. पण दोन्ही विचारावेत.

१५

पाणी पहाटे येतं. टाकी गच्चीवर, पंप तळमजल्यावर, पंपाची किल्ली वॉचमनकडे.

१६

बँकेच्या माणसाने बहिणीचा पगार नंतर विचारला, आधी इमारतीचं वय. कर्जाची मुदत वीस वर्षं, इमारत तेवढी टिकेल असा दाखला हवा. शिवाय सोसायटीची ना हरकत, म्हाडाची ना हरकत, भाडेपट्ट्याची प्रत. एका बँकेने वसाहतीचं नाव ऐकूनच फाईल परत केली, कारण सांगितलं नाही.

ज्याला कर्ज मिळत नाही तो रोखीने घेणाऱ्याला विकतो. रोखीने घेणारा इथे राहायला येत नाही. मग मजल्यामागून मजला बंद कुलपांचा होत जातो, आणि मेंटेनन्स थकतो.

१७

कागद.

देकारपत्र, ताबापावती, शेअर सर्टिफिकेट, मूळ गाळेधारकापासून आजपर्यंतची सगळी साठेखतं. याला ‘चेन’ म्हणतात. चेनमध्ये एक कडी मुखत्यारपत्राची निघाली की थांबायचं. नुसत्या मुखत्यारपत्रावर आणि कराराच्या कागदावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तरी अशा कड्या जुन्या वसाहतीत जागोजागी आहेत. मूळ गाळेधारक गिरणीतला किंवा गोदीतला, पैशाची नड पडली, ‘पॉवर’ करून दिली, गावी गेला. त्याला शोधायला आता कोकणात जावं लागतं, आणि तिथे त्याची मुलं भेटतात.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. आम्ही पाहिलेल्या एका घरात नॉमिनी धाकटा मुलगा, विकायला काढलं त्यानेच. दोन बहिणींच्या सह्या नाहीत. ‘त्यांचं काही नाही,’ तो म्हणाला. त्या बहिणी कळव्यात आणि पनवेलला राहतात. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. आम्ही पुढे गेलो नाही.

१८

सेक्रेटरी : ट्रान्स्फर फी पाचशे.
एजंट : आणि बिल्डिंग फंडाला.
सेक्रेटरी : ते ऐच्छिक.
एजंट : दोन लाख.

मुंबईत हस्तांतरणाचं अधिमूल्य जास्तीत जास्त २५ हजार घेता येतं, सरकारचा २००१ चा आदेश आहे. ना हरकत दाखला कोणाच्या हातात आहे, तेही सगळ्यांना माहीत आहे.

१९

मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर मेट्रोचा अधिभार १ टक्का. मंडाळ्याच्या कारशेडचे खांब इथून दिसतात.

खरेदी फक्त बाईच्या नावावर झाली तर १ टक्का सवलत. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत जाते. बहिणीच्या सासऱ्यांनी हिशेब केला, जेवण होईपर्यंत काही बोलले नाहीत, मग म्हणाले, ‘एकटीच्याच नावावर करा.’ सवलतीपायी का होईना, घरात पहिल्यांदाच बाईच्या नावावर काही होतंय.

२०

मंडाळे. २००४-०५ च्या हिवाळ्यात मुंबईभर झोपड्यांवर बुलडोझर फिरले, मंडाळ्यातही. त्यातूनच ‘घर बचाओ, घर बनाओ’ आंदोलन उभं राहिलं. त्या माणसांचं पहिलं म्हणणं होतं, उठवू नका.

तिथून जवळच अणुशक्तीनगर. क्वार्टर सरकारी, मोठी झाडं, रुंद रस्ते. निवृत्त झालं की क्वार्टर सोडायची. म्हणून निवृत्तीला आलेले तिथले लोकही याच एजंटकडे येतात.

मालकी नसलेल्या या दोन जागांच्या मध्ये पट्ट्याची वसाहत.

२१

भाडेकरू. या इमारतीत निम्म्याहून जास्त घरांत ते आहेत, म्हणजे वॉचमन तसं सांगतो. काही हेवी डिपॉझिटवर : रक्कम एकरकमी द्यायची, भाडं नाही, सोडताना रक्कम परत. रिडेव्हलपमेंट लागलं की बिल्डर दरमहा भाडं देतो ते मालकाला. कॉर्पस, म्हणजे बिल्डरची एकरकमी रक्कम, तीही मालकाला. ज्याची मुलं इथल्या शाळेत जातात त्या भाडेकरूला महिन्याभराची नोटीस. वसाहतीच्या पुनर्विकासाच्या कोणत्याही बैठकीत त्याला खुर्ची नसते.

२२

सोसायटीच्या फलकावरची सूचना : ‘गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. विशेष सर्वसाधारण सभा रविवारी. विषय : विकासकाची नेमणूक.’

२३

सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या सरकारी निर्देशांत २००९ साली पुनर्विकासाला तीन-चतुर्थांश संमतीची अट होती. ४ जुलै २०१९ च्या सुधारित निर्देशांनी ती ५१ टक्क्यांवर आणली. अडून बसलेल्या दोन-चार जणांपायी शंभर कुटुंबं गळक्या छताखाली राहत होती, हे खरं. ५१ च्या बळावर ४९ जणांना न पटलेला करार होऊ शकतो, हेही खरं. मी आधी पहिल्या बाजूची होते. गोरेगावची पत्रा चाळ आठवली की डगमगते. तिथल्या ६७२ कुटुंबांच्या घरांचा करार २००८ चा. घरं पाडली गेली, भाडं बंद पडलं, काम ठप्प झालं, शेवटी म्हाडाला हातात घ्यावं लागलं. हाती किल्ली येण्याआधी कितीतरी म्हातारी माणसं भाड्याच्या घरातच वारली.

त्या कुटुंबांनी संमती दिली होती.

२४

देवनारची कचराभूमी १९२७ पासून. घर दुपारी पाहिलं तर रात्री परत पाहावं. वाऱ्याची दिशा एजंट सांगत नाही.

२५

२०१८ च्या म्हाडा सोडतीत मानखुर्द पीएमजीपीची घरं होती. ती नवी, तीही म्हाडाच्याच जमिनीवर, पाच वर्षं विकायची नाहीत अशा अटीची. जुन्या आणि नव्या इमारतीत एकच किराणावाला सामान पोचवतो. जुन्याकडे पायऱ्या चढून, नव्याकडे लिफ्ट चालू असेल तर.

२६

तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, मूळ गाळेधारक. नव्या इमारतीबद्दल त्यांना एकच विचारायचं होतं, मेंटेनन्स किती. आज काही शेकड्यांत आहे. लिफ्ट, पंप, अग्निशमन, सुरक्षा रक्षक, बाग. ‘पेन्शन अकराशे,’ त्या म्हणाल्या. बिल्डरच्या सादरीकरणात जलतरण तलाव होता. हा प्रश्न त्यांनी सभेत विचारला तेव्हा उत्तर मिळालं की तो तपशील नंतर. करारात मेंटेनन्सचा आकडा आणि तो किती वर्षं कॉर्पसमधून भागेल याचा हिशेब लेखी हवा, एवढंच त्यांचं म्हणणं. मी ऐकलेल्या सगळ्या बोलण्यांत सर्वांत जाणकार माणूस या आजी.

२७

बहीण काकूंचं घर घ्यायचं म्हणते. बीमचा कोपरा बद्द असला तरी. ऊन आहे, शेजार चांगला आहे, स्टेशन चालत आहे, आणि ती राहायला घेतेय. मलाही पटतं. फक्त वरच्या बाथरूमचं आधी मिटायला हवं. त्यासाठी ती स्वतः वर जाऊन बसली, चहा घेऊन आली, गळतीचा खर्च निम्मा-निम्मा ठरवून. घर अजून तिचं झालेलं नाही.

२८

एजंट टोकनसाठी फोन करतो आहे. बहिणीने त्याला चार गोष्टी लिहून पाठवल्या : म्हाडाबरोबरच्या नोंदणीकृत भाडेपट्ट्याची प्रत, त्यात मुदत आणि भुईभाडं कुठे लिहिलंय ते पान. शेवटचा संरचनात्मक अहवाल. तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं. म्हाडाकडे थकबाकी नसल्याचा दाखला.

‘मॅडम, हे कोणीच मागत नाही.’

‘मी मागतेय. मिळालं की त्याच दिवशी टोकन.’

भाडेपट्ट्याची प्रत सोसायटीकडे सापडली नाही. नोंदणी कार्यालयातून प्रमाणित नक्कल काढता येते. त्यासाठी दस्त क्रमांक आणि वर्ष लागतं. वर्ष आजींना आठवलं. सोमवारी अर्ज करणार.